शिवेल त्याने आधी पडायचं

परवा सकाळी अकरा वाजता त्या गादीवर पाठ टाकून पडायचं होतं, आणि वहिनींना आत्ताच तिच्याकडे बघवत नव्हतं.

गादी म्हणजे झोपायची नव्हे, उंच उडीची. खेळाडू धावत येतो, आडव्या काठीवरून पाठमोरा उडतो आणि पलीकडे जिच्यावर पडतो, ती. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, कमरेला लागेल एवढी जाड. गावाबाहेर नवं मैदान तयार होत होतं आणि त्याच्या सगळ्या सामानाचं काम भावोजींनी, म्हणजे वहिनींच्या धाकट्या दिराने, मिळवलं होतं. गोलच्या जाळ्या, शर्यतीचे अडथळे, खांबांना गुंडाळायच्या गिरद्या आणि ही गादी. गुरुवारी मैदानाचे इंजिनियर साहेब सामान बघून सही करणार होते.

वहिनी सव्वीस वर्षं या कारखान्यात कव्हरं शिवत होत्या. कारखाना म्हणजे खाली पत्र्याची लांब शेड आणि वर घर. 'वहिनी' हे त्यांचं खालचंही नाव होतं आणि वरचंही. दीर हाक मारायचा म्हणून कामगार मारायला लागले, मग टेम्पोवाले, मग रेक्झिनवाले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी वहिनीपण काही सुटलं नव्हतं.

कारखान्याची एक पद्धत होती: शिवेल त्याने आधी पडायचं. सासऱ्यांनी घालून दिलेली. फार पूर्वी एका गादीत कोणाची तरी सुई राहिली आणि ती एका कुस्तीगीर पोराच्या खांद्यात गेली. सासरे त्या पोराच्या घरी जाऊन मान खाली घालून बसून आले, आणि दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. ज्याने शेवटची शिलाई मारली, त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गादीकडे पाठ करायची, हात पसरायचे आणि पडायचं. वहिनी लग्न होऊन आल्या त्या पंधरवड्यातच सासऱ्यांनी त्यांच्याकडून एक कव्हर शिवून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, आता पडा." सासूबाई जिन्यातून म्हणाल्या, "अहो, सून नांदायला आणलीय की पाडायला?" वहिनी पडल्या. पडताना डोळे गच्च मिटले, आणि मग कोणीतरी अलगद झेलल्यासारखं वाटलं. त्या तशाच हसत पडून राहिल्या, उठेचनात. त्यानंतर किती गाद्यांवर पडल्या त्याची गणतीच नव्हती. गुडघे कुरकुरायला लागले, केसांनी रंग सोडला, पण पडणं चुकलं नाही. खरं सांगायचं तर दिवसभरात कोणी झेलेल अशी त्यांच्या वाट्याला तेवढीच एक जागा होती.

भावोजींनी तर ती पद्धत माहितीपत्रकावरच छापून घेतली. 'आमच्या प्रत्येक गादीवर आधी आम्ही पडतो.' खाली वहिनींचा पडतानाचा फोटो. डोळे मिटलेले, एक चप्पल हवेत.

सोमवारी फोमचा टेम्पो आला तो ताडपत्री घट्ट आवळून. नव्या फोमचे ठोकळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतात, फोडले की नव्या चपलांच्या दुकानासारखा वास येतो. या टेम्पोची ताडपत्री सुटली आणि दारात झोपलेला कुत्रा उठून, अंग झाडून, पलीकडच्या गल्लीत निघून गेला.

टेम्पोत जुन्या गाद्या होत्या. भंगारातल्या. खोळी ओरबाडून काढलेल्या, नुसता आतला फोम. कुठल्या वसतिगृहातल्या, कुठल्या लॉजमधल्या, कुठल्या दवाखान्यातल्या, देव जाणे. एकीच्या कडेला निळ्या शाईने 'खाट १४' असं लिहिलं होतं. सगळ्यांवर तपकिरी डाग होते, एकात एक वर्तुळं असलेले, झाडाच्या खोडाला असतात तसे. म्हणजे एकदाचा डाग नव्हे, वर्षानुवर्षांचा. एका ठोकळ्यात लांब केस रुतले होते. दुसऱ्याला वाळलेली चिकटपट्टी आणि तिला कापूस तसाच. वहिनींनी एका ठोकळ्यावर मूठ दाबून बघितली. मूठ उचलल्यावर तिथे मुठीचा खड्डा तसाच राहिला, आणि बोटांना पिवळी भुकटी लागली. त्यांनी हात शरीरापासून लांब धरला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"भावोजी, हे काय आहे?"

"फोम."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? आता आपला."

"यावर माणसं मुतलीयत, भावोजी."

"वहिनी, जरा भाषा." भावोजींनी इकडे तिकडे बघितलं. ते कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि कारखान्यात कशाला टेकायचे नाहीत. "वरून चार बोटं नवा फोम घालणार आहे. खालचं कोण बघतंय? साहेब अंगठ्याने दाबून बघतात. फार तर दोन अंगठ्यांनी."

"आणि उडी मारणारी पोर? ती अंगठ्याएवढी असते का?"

"फोम तो फोम."

"हा मेलेला फोम आहे. दाबला की परत उठत नाही. पोर थेट खाली जाऊन आपटेल."

"नवा मागवला तर यायला दीड महिना. गुरुवारी सही झाली नाही तर बाकीचं सगळं सामान अडकतं."

"मग दीड महिन्यापूर्वी मागवायला कोणी हात धरला होता?"

भावोजींनी खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता, तरी ते "हॅलो, हां, बोला," म्हणत बाहेर गेले.

ते ठोकळे कापायला कोणी तयार होईना. शेवटी सुगंधी पुढे आला. सुगंधी हा सर्वांत जुना कामगार, फोम कापणारा. वीस वर्षं फोम चिकटवण्याच्या सोल्युशनवर वाकून त्याच्या नाकाने रामराम ठोकला होता. त्याला चांगला वास येत नव्हता की वाईट, म्हणून पोरांनी त्याचं नाव सुगंधी ठेवलं आणि त्याने ते मानाने लावून घेतलं. तो तारेने ठोकळे कापत बसला. मधूनच एखाद्या ठोकळ्याला नाक लावून मुद्दाम हुंगायचा आणि म्हणायचा, "वहिनी, मला तर काहीच तक्रार नाही."

"तुझं बरं आहे."

"पण हाताला कळतं हो. हा कापताना तुटत नाही, चुरतो. शिळ्या पावासारखा."

वहिनींनी तोंडाला रुमाल बांधला आणि कव्हर बेतायला घेतलं. तेवढ्यात भावोजी पुन्हा डोकावले. "आणि बाजूंना जाळी नको, वहिनी. चारही बाजूंनी रेक्झिन मारा. जाळीतून आतलं दिसतं."

"नकाशात जाळी आहे. पडल्यावर आतली हवा जायला वाट नको? नाहीतर फुग्यावर पडल्यासारखी पोर उडून बाहेर जायची."

"तुम्ही शिवा. विचार माझ्यावर सोडा."

"विचार तुमच्यावर सोडला म्हणून तर हा वास आलाय."

पण त्या शिवायला बसल्या. हीच गोष्ट पुढे त्यांना फार दिवस खुपत राहिली. नाही म्हणून उठून वर जाता आलं असतं. सव्वीस वर्षांची सवय अशी की मशीनसमोर बसलं की पाय आपोआप चालतात, आणि पाय चालले की डोकं म्हणतं, कव्हर तरी चांगलं होऊ दे. त्यांनी बाजूंना नकाशाप्रमाणे जाळीच लावली, दुहेरी शिलाई मारून. कोपरे असे बसवले की बघणाऱ्याने हात फिरवावा. आणि हात फिरवून त्यांना स्वतःचीच किळस आली. एवढं देखणं कव्हर, कशावर, तर दवाखान्यातल्या कोणाच्या तरी खाटेवर.

दोन दिवस त्या साबणाने कोपरापर्यंत हात धूत होत्या. वास हाताला नव्हता, नाकातच बसला होता. बुधवारी जेवताना पहिला घास तोंडाजवळ नेला आणि त्यांनी तो परत ताटात ठेवला.

"तुमचे कपडे वेगळे भिजवा हं," जाऊ म्हणाली. "अख्ख्या बादलीला वास लागतोय."

"तुझ्या नवऱ्याला वेगळं भिजव. तिथून येतोय तो."

जाऊ हसली. ती वाईट नव्हती, तिला फक्त शांत जेवायचं होतं. "उद्या एकदा डोळे मिटून पडा आणि मोकळ्या व्हा. एका मिनिटाचं तर काम. तुम्हाला काय त्याच्यावर राहायचंय?"

"राहायचं नाही. पण मी पडले की ती गादी चांगली, असा त्याचा अर्थ होतो."

"अर्थ कोण काढत बसलंय हो आजकाल," जाऊ म्हणाली आणि तिने वहिनींच्या ताटातली पोळी उचलून आपल्या ताटात घेतली.

गुरुवारी सकाळी वहिनी खाली उतरल्या तेव्हा भावोजी गादीभोवती फिरत फवारणी करत होते. आधी फिनेल मारलं होतं, मग त्यावर गुलाबाच्या अत्तराची अख्खी बाटली. जाळी बघून ते वैतागले होते, पण आता उसवायला वेळ नव्हता. वास आता असा झाला होता की एखाद्या मुतारीत कोणाचं तरी लग्न लागलंय.

गादी तीन तुकड्यांत टेम्पोवर चढली, तिच्याबरोबर सुगंधीही, आणि मैदानावर जाऊन लाकडी चौकटीवर पुन्हा जोडली गेली. मैदान लांबून चित्रासारखं होतं. लाल धावपट्टी, पांढऱ्या रेघा, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. वहिनींना मात्र जवळचं दिसत होतं, आणि आज सगळं जवळचंच दिसायचं ठरलं होतं. गोलच्या जाळीची एक बाजू कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधली होती. लांब उडीच्या खड्ड्यातल्या वाळूत विटांचे तुकडे आणि विड्यांची थोटकं होती, आणि एका कोपऱ्यात मांजरांनी आपली सोय करून घेतली होती. अडथळ्यांच्या लाकडाला रंग दिला होता तो ओल्यावरच, हाताला लागत होता. हे सगळं भावोजींचंच सामान. वहिनींना वाटलं, घरातलं माणूस उघडं पडलेलं बघावं तसं हे आहे. नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही.

इंजिनियर साहेब आले. गोल, घामाघूम, घाईतले. बरोबर मुलींना उंच उडी शिकवणाऱ्या मॅडम होत्या. बारीक कापलेले केस, गळ्यात शिट्टी, आणि न बोलता बघत राहायची सवय. साहेबांनी गोलच्या खांबावर थाप मारली, अडथळ्याला हात लावला, हात रुमालाला पुसला आणि काही न बोलता पुढे निघाले. गादीपाशी थांबून त्यांनी अंगठा दाबला. वरचा नवा फोम दबला आणि पटकन उठला.

"छान," साहेब म्हणाले. "अत्तर वगैरे मारलंय वाटतं?"

"नवं सामान आहे ना, साहेब. मंगल कार्य आहे," भावोजी म्हणाले.

साहेबांनी कागद काढला, पेन काढलं. तेवढ्यावर सगळं पार पडलं असतं. पण भावोजींना राहवेना. सही होत असतानाही थोडं आणखी विकायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी माहितीपत्रक साहेबांच्या हातात दिलं. "साहेब, आमच्या वडिलांची पद्धत आहे. शिवेल त्याने आधी पडायचं. या आमच्या वहिनी. हा बघा फोटो. वहिनी, दाखवा साहेबांना."

मॅडमनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला बघायला आवडेल."

वहिनी गादीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पायांना ती जागा माहीत होती. टाचा जुळवायच्या, हात पसरायचे, गुडघे सोडून द्यायचे. मागून उन्हाने तापलेल्या रेक्झिनची धग पाठीला लागत होती आणि तिच्याबरोबर तो वास, गुलाबाच्या आडून. त्यांनी हात पसरले. मग खाली घेतले.

"मी नाही पडणार," त्या म्हणाल्या.

"काय?" भावोजी हसले. "वहिनी, साहेबांना वेळ नाही."

"मला किळस येते."

त्या हे मोठ्याने बोलल्या नव्हत्या. पण मैदान रिकामं होतं, आणि रिकाम्या मैदानावर साधं बोलणंही लांबवर जातं. रेघा मारणारा माणूस ब्रश थांबवून बघायला लागला.

"पाठ दुखतेय हो त्यांची," भावोजी साहेबांना म्हणाले. "वय झालं. थांबा, मीच पडतो. घरचीच गादी आहे."

"माझी पाठ ठणठणीत आहे," वहिनी म्हणाल्या, पण तोवर भावोजींनी बूट काढले होते. कारखान्यात कशाला न टेकणारे भावोजी गादीकडे पाठ करून उभे राहिले, साहेबांकडे बघून हसले, आणि पडले.

तीन गोष्टी एकदम झाल्या. चारही बाजूंच्या जाळीतून आतली हवा भसकन बाहेर आली. तिच्याबरोबर सगळ्या खाटांवरची वर्षं बाहेर आली, आणि त्या झोतापुढे गुलाब टिकला नाही. आणि भावोजी वरच्या चार बोटांतून, खालच्या सगळ्या मेलेल्या फोममधून सरळ खाली गेले आणि खालच्या लाकडी चौकटीवर आपटले. आवाज आला तो 'धप्प' असा नव्हता. 'ठक' असा होता. दारावर कोणी आल्यासारखा.

साहेब चार पावलं मागे सरले, नाकाला रुमाल लावून. भावोजी खड्ड्यात पडून राहिले. त्यांचे फक्त पांढरे मोजे आणि नाक वर दिसत होतं.

"लागलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, नाही. मस्त आहे," खड्ड्यातून आवाज आला.

साहेब रुमालातून म्हणाले, "जरा कोंदट झालंय. चार दिवस वाऱ्यावर ठेवा, जाईल." आणि पेनाचं टोपण काढायला लागले.

वहिनींना वाटलं होतं की त्या झोतानंतर तरी काही बोलावं लागणार नाही. वास सगळ्यांच्या नाकात गेला, ठक सगळ्यांच्या कानात गेलं, आणि तरी टोपण निघत होतं. फोमची किळस त्यांना दोन दिवस येत होती. ही त्याहून वाईट होती, माणसांची. त्या मॅडमकडे वळल्या. "चेन या बाजूला आहे," त्यांनी सांगितलं. "पट्टीच्या आत. मीच लपवून लावलीय. बघायचं असेल तर."

"वहिनी," भावोजी खड्ड्यातून म्हणाले.

मॅडम खाली बसल्या. पट्टी उचलली, चेन ओढली, हात आत घातला आणि एक ठोकळा अर्धा बाहेर ओढला. त्याच्याबरोबर पिवळी भुकटी लाल धावपट्टीवर सांडली. मॅडम त्या तपकिरी वर्तुळांकडे बघत राहिल्या. हात त्यांनी आधी विजारीला पुसला, मग गवताला, मग पुन्हा विजारीला.

"माझी सगळ्यात लहान मुलगी अकरा वर्षांची आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. "ती डोकं खाली करून पडते. हे गृहस्थ उभ्याउभ्या पडले. तुम्ही सही केलीत तर खाली माझंही नाव लिहा, की मी हे बघितलं होतं. मग मी ते सगळ्यांना दाखवीन."

साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे बघितलं. त्यांना प्रामाणिकपणाचा झटका आला असं काही म्हणता येणार नाही. वाऱ्याची दिशा बदलली होती आणि त्यांना तिथून निघायचं होतं. त्यांनी टोपण बसवलं, पेन खिशात टाकलं आणि म्हणाले, "सगळंच सामान पुन्हा बघावं लागेल." मग रुमाल न काढताच गाडीकडे चालायला लागले.

वहिनींनी भावोजींना हात दिला. घरचं माणूस होतं, खड्ड्यात ठेवून कसं जाणार. भावोजी उठले तेव्हा इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीवर, जिथे रेक्झिनच्या शिलाईतून फिनेल-अत्तराची ओल वर आली होती, तिथे एक फिकट तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. वहिनींनी ते बघितलं आणि सांगितलं नाही. मैदानाच्या कडेला नळ होता. तिथे जाऊन त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, आणि पुन्हा एकदा हात धुतले.

परतताना टेम्पोवाल्याच्या शेजारी मध्ये भावोजी आणि कडेला वहिनी बसल्या. सुगंधी मागे गादीपाशी, ते त्यालाच जमण्यासारखं होतं.

"नाक कापलंत तुम्ही घराचं," भावोजी म्हणाले. "बाहेरच्यांसमोर. दादा असता तर त्याने असं केलं नसतं."

"तुमचे दादा असते तर त्यांनी हा फोम उतरवूच दिला नसता. मी उतरवू दिला, आणि वर शिवलाही. मला काय बोलायचं ते मी स्वतःला बोलतेय, तुम्ही मध्ये पडू नका."

भावोजींनी कंबर चोळली. चौकात टेम्पो थांबला, पुन्हा निघाला. वहिनी मनाशी उद्याचा हिशोब करत होत्या. दुहेरी शिलाई उसवायची, चाळीस मीटर तरी. कव्हर तीनदा धुवायचं. तरी तेच नव्या फोमवर घालायला मन होणार नाही, नवंच बेतावं लागेल. जाळी मात्र चालेल, जाळी चांगली बसली होती.

"दीड महिना लागेल म्हणतायत नव्या फोमला," भावोजी कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "आज सांगितला तर."

"मग आज सांगा."

भावोजींनी मान वळवून आपल्या खांद्याचा वास घेतला. मग बाहीचा. मग शर्टाचं वरचं बटण सोडलं, आणि त्याच्या खालचं.

"ती खिडकी उघडा ना जरा, वहिनी."

"उघडीच आहे, भावोजी."